जबड्याच्या गाठीत सुई: कुठवर विश्वास ठेवायचा?

प्रश्न तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या एका तरुण डॉक्टरांचा आहे. ३६ वर्षांच्या बाई, खालच्या जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात दीड वर्षापासून हळूहळू वाढणारी, न दुखणारी सूज. ओपीजीत (दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेत) अक्कलदाढेपासून वर रॅमसपर्यंत, म्हणजे जबड्याच्या उभ्या भागापर्यंत, साबणाच्या फेसासारखे काळे कप्पे. बायोप्सीला, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायला, घरचे तयार नाहीत. 'गाठीला लोखंड लागलं की ती भडकते' असं सासूबाई म्हणतात. डॉक्टर विचारतात: एफएनएसीने (बारीक सुईने पेशी काढून तपासण्याने) निदान पक्कं होईल का? आणि ती मी माझ्याच खुर्चीवर केली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. हो, चालेल. पहिल्याचं उत्तर 'कधी कधी' असं आहे, आणि हे कधी म्हणजे नेमकं कधी, ते सांगायला जरा वेळ लागेल.

मी पंचवीसेक वर्षं सायटॉलॉजीच्या, म्हणजे सुट्या पेशींच्या, स्लाईड्स वाचते आहे. थायरॉइड, स्तन, लाळग्रंथी, मानेतल्या गाठी इथे सुई केव्हाच घरची झाली. जबड्यात ती अजून पाहुणीच आहे, कारण मध्ये हाड आड येतं. त्यामुळे इथे पहिला प्रश्न 'गाठ कसली?' हा नसतो, 'सुई आत शिरेल का?' हा असतो. तुमच्या बाईंची सूज बाहेरून दिसण्याएवढी झाली आहे, म्हणजे हाडाची भिंत कुठेतरी पातळ झालेली असणार. गालाच्या आतून, शेवटच्या दाढेच्या बाजूने बोट फिरवा आणि हलकं दाबा. अंड्याचं कवच दबल्यासारखं जिथे कुरकुरेल, तीच सुईची जागा. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढता आली तर भिंत कुठे उरलीच नाही तेही आधीच दिसतं. भिंत सगळीकडे टणक असेल तर बारीक सुईशी झटापट करू नका. सुई वाकते, रुग्ण घाबरतो, आणि माझ्याकडे येतं ते नुसतं रक्त.

एक्स-रेवर गाठ पांढरी असेल तर सुईचा विचारही करू नका. ओडोंटोमा, ऑसिफाइंग फायब्रोमा, फायब्रस डिस्प्लेशिया ह्या कडक गाठींत सुईला काही मिळत नाही, आणि मिळालंच तरी त्या चार पेशींवरून कोणी काही बोलू नये. हे एक्स-रेचं आणि गरज पडली तर बायोप्सीचं काम.

काळ्या गाठीत मात्र मी उलट आग्रह धरते. जबड्यातली कुठलीही काळी पोकळी उघडण्याआधी, अगदी तिच्यावरचा दात काढण्याआधीसुद्धा, तिच्यात एकदा सुई गेलीच पाहिजे. ह्याचं कारण पेशी नाहीत, रक्त आहे. मी शिकत असताना पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आला होता. हलणारी दाढ, हिरडीतून अधूनमधून रक्त, एक्स-रेवर कप्पेकप्पे. सगळ्यांच्या तोंडी 'अमेलोब्लास्टोमा' (दात घडवणाऱ्या पेशींतून होणारी जबड्याची गाठ) होतं. सर्जननी सवयीने सुई घातली आणि सिरिंजचा दट्ट्या त्यांनी न ओढताच आपोआप मागे सरकू लागला. लालभडक रक्त, तेही दाबाखाली. त्यांनी सुई काढली, बोळा दाबून धरला आणि 'दाढेला कोणी हात लावायचा नाही' एवढंच म्हणाले. हाडातली रक्तवाहिन्यांची विकृती होती ती. त्या दिवशी खुर्चीवर दाढ उपटली असती तर काय झालं असतं ते तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी बायोप्सी नाही, आधी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र. थोडं गडद रक्त हळूहळू येणं ही वेगळी गोष्ट आहे. ते जायंट सेल ग्रॅन्युलोमात आणि अॅन्युरिझमल बोन सिस्टमध्ये, हाडातल्या वेगळ्या विकारांतही, येतं. बघायचं ते रक्त किती जोराने येतं हे.

आता हाताच्या कामाकडे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा. सूज बाहेर आली असली तरी जबड्यात शक्यतो तोंडातूनच जावं, वाट जवळची असते आणि चेहऱ्यावरची नस लांब राहते. तंबाखू-सुपारीने तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर मात्र बाहेरून जावं लागतं, आणि आपल्याकडे असे रुग्ण कमी नाहीत. भुलेचा स्प्रे पुरतो. भुलेचं इंजेक्शन गाठीत देऊ नका, त्या पाण्याने पेशी फुगतात. सुई २३ गेजची, सिरिंज १० मिलिची. आत गेल्यावर दट्ट्या ओढून दाब धरा, सुई तीन-चार दिशांना पंख्यासारखी पुढेमागे करा. बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडा. सगळे चुकतात ते इथेच. दाब तसाच ठेवून सुई काढली की सुईतला माल सिरिंजमध्ये उडतो आणि काचेवर घ्यायला काही उरत नाही. घट्ट गाठीत मी तर सिरिंज लावतच नाही. नुसती सुई बोटांत धरून पुढेमागे करायची, पेशी आपोआप नळीत चढतात आणि रक्त कमी येतं. पातळ पाणी आलं तर ते सगळं बाहेर काढा, मग उरलेल्या घट्ट भागात, भिंतीजवळ, दुसऱ्यांदा जा. हे दुसऱ्यांदा जाणं टाळू नका. अमेलोब्लास्टोमातल्या पोकळीचं पाणी हे फक्त पाणी असतं, गाठ भिंतीत असते.

आलेल्या पदार्थाकडे काचेवर पसरण्याआधी नीट बघा. पेंढ्याच्या रंगाचा पिवळसर पातळ रस आणि उजेडात धरल्यावर त्यात चमचम दिसली तर ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक. रॅडिक्युलर (किडलेल्या दाताच्या मुळाशी होणाऱ्या) किंवा डेंटिजेरस (न उगवलेल्या दाताभोवतीच्या) सिस्टकडे, म्हणजे पाण्याच्या पिशवीकडे, बोट जातं. रंग न दिलेल्या थेंबावर काच ठेवून बघितलं तर कोपरा तुटलेल्या काचेच्या चौकोनी तुकड्यांसारखे दिसतात. पांढरट, घट्ट, दह्याच्या चक्क्यासारखं काही आलं तर ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट (केराटिनने भरलेली जबड्यातली सिस्ट) मनात आणा. त्या रसातलं प्रथिन मोजण्याची जुनी युक्ती आहे. दर १०० मिलिला ४ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर केराटोसिस्ट, ५ च्या वर असेल तर बाकीच्या सिस्ट. आज कोणी फारसं करत नाही, पण तालुक्याच्या लॅबमध्येही होण्यासारखी आहे म्हणून सांगते. जेलीसारखं चिकट, ताणलं की तार येणारं असेल तर ओडोंटोजेनिक मिक्सोमाचा विचार करा. काहीच आलं नाही, नुसतं थोडं लालसर पाणी आणि पोकळी रिकामी, तरुण मुलगा, लक्षण काही नाही, तर ट्रॉमॅटिक बोन सिस्ट असू शकते. वरच्या जबड्यात सिरिंजमध्ये हवा आली तर हसू नका, तुम्ही सायनसमध्ये आहात.

आता तुमच्या बाईंकडे. ओपीजीवरून तुमच्या मनात अमेलोब्लास्टोमा आहे, माझ्याही आहे. जागा तीच, वय तेच. जवळच्या दाढांची मुळं चाकूने कापल्यासारखी झिजली आहेत का ते एकदा बघा, आणि सूज गालाकडे आणि जिभेकडे दोन्हीकडे फुगली आहे का तेही. केराटोसिस्ट बहुधा हाडाच्या लांबीने सरकत जाते, बाहेर फार फुगत नाही. हे दोन प्रश्न मला स्लाईडइतकेच उपयोगी पडतात.

अमेलोब्लास्टोमाची स्लाईड चांगली आली तर ओळखता येते, हे खरं आहे. लहान, गडद केंद्रकांच्या, जवळजवळ सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा पेशीद्रव) नसलेल्या पेशींचे पुंजके दिसतात. पुंजक्याच्या कडेला त्या पेशी कुंपणाच्या फळ्यांसारख्या ओळीने उभ्या असतात. मधल्या भागात जरा मोठ्या, फिकट, टोकं ओढल्यासारख्या तारेच्या आकाराच्या पेशी. कडेच्या आणि मधल्या अशा दोन्ही जाती एकाच पुंजक्यात दिसल्या की माझा हात रिपोर्टकडे जातो. कधी मधल्या पेशी चपट्या आणि केराटिन धरलेल्या असतात, कधी दाणेदार. त्यावरून उपप्रकार सांगायचा मोह होतो, पण उपचारात त्याने फारसा फरक पडत नाही. पाठ्यपुस्तकात कडेच्या पेशींची केंद्रकं तळापासून दूर सरकलेली असतात असं लिहिलेलं असतं ना, ते स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या पेशींत) शोधत बसू नका. ते पॅराफिनच्या (मेणात बसवलेल्या तुकड्याच्या) कापात बघायचं लक्षण आहे.

चूक कुठे होते? पहिली चूक सगळ्यात साधी. तोंडातून सुई नेली की म्यूकोसाच्या (तोंडाच्या आतल्या अस्तराच्या) चपट्या पेशी सुईबरोबर आत जातात आणि स्लाईडवर येतात. नवशिक्या पॅथॉलॉजिस्टला त्या केराटोसिस्टच्या वाटतात. मीही सुरुवातीला असा एक रिपोर्ट केला होता. वरिष्ठांनी स्लाईडवर पेशींना चिकटलेले तोंडातले जीवाणू दाखवले आणि फॉर्म परत माझ्या हातात ठेवला. त्यानंतर एकट्यादुकट्या निरोगी चपट्या पेशींना मी पुरावा मानत नाही.

दुसरी चूक जंतुसंसर्गाची. पू झालेल्या गाठीतून पूच येतो. केराटोसिस्टला संसर्ग झाला की तिचं खास अस्तर पुसलं जातं आणि ती साध्या सिस्टसारखी दिसते. अशा वेळी अँटिबायोटिक देऊन पुन्हा सुई घालणं हाच मार्ग.

तिसरी चूक दिसण्यातल्या साम्याची. लहान, गडद पेशींचे पुंजके अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमात असतात, बॅसलॉइड स्क्वॅमस कार्सिनोमात असतात, आणि हे दोन्ही कर्करोग आहेत. अॅडिनॉइड सिस्टिकमध्ये गिम्सा रंगावर जांभळट-गुलाबी गोळे दिसतात, त्यांच्याभोवती पेशी गोळा झालेल्या. ते गोळे दिसले तर मी थांबते आणि तुम्हाला फोन करते. अमेलोब्लास्टिक कार्सिनोमा हा आणखी अवघड. केंद्रकं वेडीवाकडी, माइटोसिस (पेशींचं विभाजन) भरपूर असेल तर संशय लिहिता येतो. पण स्लाईड शांत दिसते म्हणून गाठ शांत आहे असं मी कधी लिहिणार नाही.

आणि चौथी मर्यादा अशी की तिला चूक म्हणताच येत नाही, ती सुईच्या बाहेरची गोष्ट आहे. युनिसिस्टिक (एकाच पोकळीच्या) अमेलोब्लास्टोमात गाठीच्या पेशी पोकळीच्या आतच आहेत की भिंतीत घुसल्या आहेत, ह्यावर पुढचं ऑपरेशन लहान की मोठं हे ठरतं. ती भिंत अख्खी कापून बघितल्याशिवाय हे कोणालाही सांगता येणार नाही. नेहमीच्या अमेलोब्लास्टोमात नुसतं खरवडून काढलं तर गाठ परत येण्याचं प्रमाण मोठं असतं, म्हणून हाडाचा तुकडा काठाने एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडासह काढतात. एवढं मोठं, चेहऱ्याचा आकार बदलणारं ऑपरेशन एकट्या सुईच्या रिपोर्टवर करावं असं मी कोणाला सुचवत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये 'अमेलोब्लास्टोमाशी जुळणारं चित्र, बायोप्सीने खात्री करावी' असं वाक्य दिसेल. पळवाट म्हणून मी ते लिहीत नाही, त्याचा अर्थ शब्दशः घ्या.

मग सुई कशाला, असं तुम्ही विचाराल. जबड्यातल्या काही गाठींत सुईने वाटच बदलते, म्हणून. खालचा ओठ बधिर झाला, दात अचानक हलू लागले, दोन-दोन रूट कॅनाल करूनही दुखणं थांबत नाही, असा पन्नाशीपुढचा रुग्ण घ्या. सुईत ग्रंथींच्या कर्करोगाच्या पेशी आल्या तर ती गाठ बहुधा जबड्याची नसतेच, स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, प्रोस्टेट किंवा थायरॉइड इथून कुठून तरी आलेली असते. तसं असेल तर जबडा कापण्याचा विषय तिथेच संपतो. प्लाझ्मा पेशींचा गालिचा दिसला तर रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस आणि मायलोमाचा (ह्या पेशींच्या कर्करोगाचा) तपास. लहान मुलाच्या जबड्यात वेगाने वाढलेली गाठ आणि गिम्सावर गडद निळ्या सायटोप्लाझममध्ये टोचल्यासारखी गोल छिद्रं दिसली तर बर्किट लिम्फोमा, लसिका पेशींचा कर्करोग. तिथे चाकूचं काम नाही, किमोथेरपी लवकर सुरू व्हायला हवी आणि दिवस मोजून चालायला हवं. एक्स-रेवर दात हाडाशिवाय हवेत तरंगताना दिसले आणि स्मिअरवर कॉफीच्या बीसारखी खाच असलेली केंद्रकं, बाजूला इओसिनोफिल, तर लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस, रोगप्रतिकार पेशींचा एक विकार. ह्या सगळ्यांत दुसऱ्या दिवशी मिळणारा सुईचा रिपोर्ट आठवड्याने येणाऱ्या बायोप्सीपेक्षा रुग्णाच्या जास्त कामाचा असतो.

जायंट सेलचं वेगळं सांगते, कारण इथे पॅथॉलॉजिस्ट बरोबर असूनही रुग्णाचं नुकसान होऊ शकतं. स्लाईडवर मोठमोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी आणि लांबट एककेंद्रकी पेशी. रिपोर्ट जातो: 'जायंट सेल लीजन'. सर्जन ग्रॅन्युलोमा समजून खरवडतात. पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडली असेल तर तिच्यामुळे हाडात होणारा ब्राऊन ट्यूमर सूक्ष्मदर्शकाखाली तंतोतंत असाच दिसतो. रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन तपासल्याशिवाय हा फरक कोणालाही, मलाही, करता येत नाही. म्हणून जायंट सेल म्हणून माझा रिपोर्ट आला की सुरी उचलण्याआधी रक्त पाठवा. रुग्णाला मुतखड्याचा त्रास आहे का तेही विचारा, कधी कधी उत्तर तिथूनच मिळतं.

२०२१ च्या उन्हाळ्यात वरच्या जबड्याचे रुग्ण रांगेने आले होते. मधुमेह, नुकताच होऊन गेलेला कोविड, हलणारे दात, काळी पडलेली टाळू. तिथे गाठ नव्हतीच, म्यूकर होता. खरवडलेल्या तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं की रुंद, पडदे नसलेल्या, काटकोनात फुटणाऱ्या बुरशीच्या फांद्या अर्ध्या तासात दिसायच्या. वरच्या जबड्याच्या सुजेत, विशेषतः साखर वाढलेली असेल तर, हे अजूनही डोक्यात ठेवा.

आणखी एक. आपल्याकडे 'जबड्याला गाठ' म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळांची गाठ जबड्याची नसते, मिश्री किंवा गुटख्याने हिरडीला नाहीतर गालाला झालेला कर्करोग हाडात शिरलेला असतो. तोंडात व्रण दिसत असेल तर सुई बाजूला ठेवा आणि व्रणाच्या कडेचा तुकडा घ्या. सुई मानेतल्या गाठीसाठी राखून ठेवा. तुमच्या बाईंचं तोंड आधी टॉर्चने नीट बघा, मिश्री लावतात का ते सासूबाईंसमोर विचारू नका, एकट्या असताना विचारा.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांनी गावात कोणाची तरी गाठ सुई लावल्यावर वाढलेली बघितलेली असते. ती गाठ आधीच वाढत होती, रिपोर्ट येईपर्यंत आणि उपचाराला जाईपर्यंत महिने गेले आणि दोष सुईला मिळाला. इतक्या बारीक सुईच्या वाटेने गाठ पसरणं अगदी विरळ आहे. मी नातेवाइकांना हातात सुई देऊन दाखवते, रक्त तपासायला घेतात तीच ही, असं सांगते. बहुतेक वेळा तेवढ्याने सूर बदलतो. आणि तुमच्या रुग्णात सुईचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. बायोप्सीला 'नाही' म्हणणारं घर सुईला 'बरं' म्हणतं, आणि सुईचा रिपोर्ट हातात आला की पुढच्या बोलण्याला आधार मिळतो. रिपोर्टमध्ये काहीच मिळालं नाही असं आलं तर मात्र 'काही नाही' असं त्यांना सांगू नका. 'पेशी मिळाल्या नाहीत' आणि 'आजार नाही' ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घरी जाताना वाटेतच पहिल्याचं दुसरं होतं.

सुईतला उरलेला माल फेकू नका. सुई १० टक्के फॉर्मलिनमध्ये खळखळून घ्या, त्यातून आम्ही सेल ब्लॉक (पेशींचा मेणातला ठोकळा) करतो. त्यावर जास्तीचे रंग करता येतात. खालच्या जबड्याच्या अमेलोब्लास्टोमात बीआरएएफ जनुकातला एक ठरावीक बदल बऱ्याचदा सापडतो, हे २०१४ मध्ये समोर आलं. त्याची चाचणी अशा ब्लॉकवरही होऊ शकते. आज तुमच्या बाईंना त्याची गरज पडेलच असं नाही, पण गाठ परत आली तर पडू शकते.

आता माल पाठवण्याचं. निदान चार काचा करा. दोन पसरताक्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा, हवेत सुकू देऊ नका, नाहीतर केंद्रकं फुगतात आणि पॅपनिकोलाऊ रंगाचा उपयोग राहत नाही. दोन हवेत सुकवा, हलवून, पटकन, त्या गिम्सासाठी. सुकलेल्या काचा आणि फॉर्मलिनची बाटली एकाच डब्यात घालून एसटीने पाठवू नका. वाफ लागून गिम्साचा रंग निळसर चिखल होतो, महिन्यातून एकदा तरी असा डबा माझ्या टेबलावर येतो. फॉर्मसोबत ओपीजीची प्रत हवीच, मोबाइलवरचा फोटोही चालेल. आणि काचेवर नाव पेन्सिलने, खरखरीत टोकावर लिहा. मार्करची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते, आणि मग माझ्याकडे छान अमेलोब्लास्टोमा असतो पण तो कोणाचा ते कळत नाही.